परळीच्या ऑफिसातली खिडकी

हे बायकोलाही ठाऊक नाही. तिला तर मुळीच नाही, कारण यात तीही आहे, तिच्या नकळत. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

गावोगावी एसटीडीचे बूथ निघत होते ते दिवस. मी धारूरला एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचो. कुठलं बियाणं उगवलं, कुठलं नाही, ती सगळी माहिती आमच्या सर्व्हरवर. तिचा बॅकअप रोज संध्याकाळी फोनच्या लाइनीवरून परळीच्या मुख्य ऑफिसला पाठवायचा. लाइन कसली — घाटात वारा सुटला की नुसती खरखर! म्हणून पाठवलेलं सगळं परळीहून परत वाचून मूळ माहितीशी ताडून बघायचं. पाठवायला जेवढा वेळ, ताडायला तेवढाच. तोवर फोन अडकलेला.

आणि मला तो फोन हवा होता. लग्न ठरलं होतं. अंबाजोगाईला ती शेजाऱ्यांच्या फोनपाशी ताटकळत बसायची. मग मी काय केलं? ताडून बघणंच बंद केलं. बॅकअप निम्म्या वेळात! "लई हुशार हाय पोरगं," म्हणत साहेबांनी पाठ थोपटली. मी हसलो. आतून थोडा घाबरलो होतो — पण थोडाच.

परळीला बॅकअप टेपांवर उतरवायचा; त्या टेपा सांभाळायला सुमनताई होत्या. तिथं थर्मल वीजकेंद्राची राख सगळ्यावर बसते, म्हणून त्या मशीन पुसून, झाकून ठेवायच्या. बॅकअप पोचला की त्यांचा फोन यायचा, "आलं बघा, भाऊ. ताडून बगितलं ना?"

"हो की, ताई."

रोज. खोटं बोलणं इतकं सोपं असतं का हो?

मग एका वळवाच्या पावसात वीज पडली नि सर्व्हर जळाला. परळीच्या टेपा लावून बघितल्या, तर एकही फाइल धड उघडेना. ती माझ्याच लाइनीची खरखर होती — मला तिथंच कळलं. वाटलं, कुणी विचारू नये. पण साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलंच, "धारूरहून नीट गेलतं का?"

"ताडून पाठवलंय, साहेब."

म्हणजे दोष राखेचा. म्हणजे सुमनताईंचा. खिडकी उघडी राहिली असेल, टेपांत राख गेली असेल. त्या भांडल्या नाहीत. नुसत्या आठवत राहिल्या — लावली होती का मी खिडकी? त्यांना घरी बसवलं. नवरा वारलेला, घरात तेवढाच पगार. हे मला तेव्हाही माहीत होतं.

चोराच्या मनात चांदणं. पुढं कितीतरी वर्षं फोन वाजला की वाटायचं — कळलं त्यांना.

कळलं नव्हतं. परळीतच एका लग्नात त्या भेटल्या. माझ्या बायकोच्या पाठीवरून हात फिरवला, मग मला हळूच म्हणाल्या, "भाऊ, तुमी इतकं नीट पाठवलतं. माज्याच हातनं माती झाली. खिडकी लावायची राह्यली असंल."

सांगायची वेळ तीच होती. बायको शेजारी उभी होती. आणि मी म्हणालो, "जाऊ द्या, ताई. माणसाच्या हातून चूक होते."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला हात जोडले.