निळ्या उजेडातली चांगली जागा

मी नागपूरला काय काम करते हे नातेवाइकांना सांगणं म्हणजे डोकेदुखी. "लाइट मोजते" म्हटलं की विचारतात, "म्हणजे मीटर रीडिंग?" एका आत्याबाईंनी तर त्यांच्या घरचं बिल जास्त का येतं म्हणून मलाच धारेवर धरलं होतं. मी मोजते तो दिव्यातून पसरणारा उजेड. कुठे किती पडतो, कुठे दाट, कुठे विरळ. किरण बारीक असला तर तो सरळ सेन्सरवर घेता येतो. पण एलईडीचा उजेड फाकत जातो. हातभर अंतरावर तो सेन्सरच्या कितीतरी पट रुंद झालेला असतो. मग त्याच्यासमोर दुधी पडदा लावायचा, मागून कॅमेऱ्याने त्या पडद्याचा फोटो घ्यायचा आणि फोटोतला ठिपका न् ठिपका वाचायचा. तेव्हा कुठे दिव्याचं खरं रूप कळतं.

नुसत्या डोळ्याला ते कळत नाही. डोळा फार समजूतदार. उजेड निम्मा झाला तरी तो सांभाळून घेतो आणि सगळं सारखंच आहे म्हणतो. "डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही," हे मी नव्या मुलांना इतक्यांदा ऐकवते की ती माझ्या पाठीमागे माझी नक्कल करतात.

गेल्या हिवाळ्यात सौंसरला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचं सिझर झालं आणि लागलीच लेकीला कावीळ. पांढुर्ण्याच्या एका दवाखान्यात तिला निळ्या लाइटखाली ठेवलं. मी रजा टाकून धावले. तिथे निळ्या लाइटची दोन मशिनं होती, त्यातलं एक बिघडून कोपऱ्यात उभं. त्यामुळे एकाच लाइटखाली, एकाच गादीवर दोन बाळं शेजारी शेजारी, डोळ्यांवर काळ्या पट्ट्या बांधलेली. उजवीकडे माझी भाची. डावीकडे तिगावच्या एका बाईचा मुलगा.

ही बाई बहिणीच्या शेजारच्याच खाटेवर होती. कापूस वेचायला जाणारी, पहिलटकरीण. नवरा संत्र्याच्या गाड्या भरायला गेलेला, सासू घरच्या शेळ्यांपायी कधी यायची, कधी नाही. घर बौद्धवाड्यातलं, हे माझ्या बहिणीच्या सासूने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं आणि मग आमची पाण्याची बाटली खाटेच्या अलीकडच्या बाजूला सरकवली होती. मला त्या म्हातारीचा भयंकर राग आला. बहिणीसाठी आणलेली खिचडी मी मुद्दाम तिच्यादेखत त्या बाईला वाढली आणि स्वतःलाच शाबासकी देऊन घेतली.

दुपारी दोन्ही बाळं पाजायला आपापल्या आईकडे नेली होती. नर्स जेवायला गेली होती. गादी रिकामी, लाइट चालूच. माझ्या हाताला खाज सुटली. समोरच्या दुकानातून मी पांढरी कार्डशीट आणली, गादीवर अंथरली आणि फोनमधला उजेड कमी करत करत फोटो काढला. दुधी पडदा नव्हता, पण काम भागलं. डावीकडची बाजू लख्ख होती. उजवीकडे उजेड एकदम मंदावला होता, निम्म्याच्याही खाली. मी फोन उलटा फिरवून पुन्हा फोटो काढला. दोष फोनचा असता तर काळोखी फोनबरोबर फिरली असती. ती जागच्या जागी राहिली. डोळे बारीक करून वर पाहिलं, तर उजव्या बाजूच्या एलईडी मरायला टेकलेल्या. खाली निळा झगझगाट इतका की कोणाला पत्ताच लागणार नव्हता.

आणि उजवीकडे आमची होती.

नर्स परत येईपर्यंत वेळ होता. तिला सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण सांगितलं असतं तर ती मशीन बंद करणार, डॉक्टर म्हणणार नागपूरला न्या, आणि बहिणीचे टाके अजून ओले. ही सगळी कारणं मला सुचली, पण नंतर. त्या क्षणी माझ्या मनात काही कारण नव्हतं. चांगली जागा एकच होती आणि ती मला हवी होती. गादीच्या कडेला दोघांची दुपटी घडी करून ठेवलेली असत, त्यावरून नर्स बाजू ओळखायची. मी दुपटी बदलली. आमचं डावीकडे, त्याचं उजवीकडे. कार्डशीट गुंडाळली आणि बाहेर येऊन बाकावर बसले.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी आजवर दुसऱ्यांवरच फेकली होती.

दुसऱ्या दिवशी भाचीचा रक्तातल्या काविळीचा आकडा चांगला उतरला. त्या मुलाचा जेमतेम हलला. डॉक्टर म्हणाले, एकेका बाळाचं असतं तसं. खरंच असतं. एवढ्यावरून मी कामाच्या अहवालात एक ओळसुद्धा लिहिली नसती. पण ती बाई मुलाच्या टाचेवरची सुईची खूण अंगठ्याने हळूहळू चोळत बसली होती. आता सांगू, मग सांगू, करत मी दिवस काढला. लाजेचं एक असतं, जितका उशीर करावा तितकी ती महाग होत जाते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमची छुट्टी झाली. त्या मुलाला संध्याकाळपर्यंत पाहू, नाहीतर नागपूरला पाठवू, असं डॉक्टर तिला सांगत होते. ती नुसती मान हलवत होती. आम्ही सामान उचललं, तोवर नर्सने आमच्या रिकाम्या जागेवर तिसरं कोणाचं तरी बाळ आणून ठेवलं. लख्ख बाजूला. तिचा मुलगा उजवीकडेच. मी ते पाहिलं आणि पाहूनही जिना उतरले.

बहिणीची सासू, जिला ती मामीजी म्हणते, मोटरसायकलवर लेकामागे बसून पुढे गेली. भाड्याच्या गाडीत मागे आम्ही दोघी आणि मांडीवर बाळ. पांढुर्णा मागे पडलं तशी बहीण मला चिकटून बसली.

"ताई, एक सांगू का? मामीजीले सांगजो नको."

"काय?"

"मले तं दूधच नव्हतं आलं. अजूनबी नाही धड. पोरगी रडून रडून थके. त्या तिगाववालीनं पाजलं तिले."

"कधी?"

"तू दुपारी त्या लाइटपाशी गेली होती न, तवापासून. मामीजी खाली जेवाले गेल्या का ती घे तिले. पयले हिले पाजे, मंग आपल्या पोराले. म्हणे, माहा पोरगा मागून पिऊन घेईन, त्याले दम हाय."

मी कार्डशीट अंथरून फोन फिरवत होते तेव्हा. अगदी त्याच वेळी, भिंतीपलीकडे. आमच्या पोरीची कावीळ कोणाच्या दुधाने उतरली की कोणत्या उजेडाने, आता कोण सांगणार? मी बहिणीला दुपट्यांचं सांगितलं. तिने बाळ माझ्या मांडीवरून उचलून आपल्याकडे घेतलं.

"भाऊ, गाडी पलटवा," ड्रायव्हरला तीच म्हणाली.

मी एकटीच वर गेले. नर्सला फोनमधले फोटो दाखवले, वर बोट करून मंदावलेल्या एलईडी दाखवल्या. नर्स तरुण होती आणि डोक्याने तल्लख. तिने लगेच दोन्ही बाळांच्या जागा बदलल्या, म्हणाली की आता आळीपाळीने ठेवू आणि डॉक्टरांना बोलावते. एवढं सोपं होतं. आळीपाळीने ठेवायचं, बस्स. मला एवढंही सुचलं नव्हतं, कारण मी दोघांचा विचारच केला नव्हता.

मग ती जाता जाता थांबली. "ताई, तुमाले हे कवा समजलं?"

तिगावची बाई दारात उभी होती. मला खोटं बोलता आलं असतं. गाडीत फोटो पुन्हा पाहताना लक्षात आलं, असं म्हटलं असतं तर दोघींनी माझे आभार मानले असते.

"परवा," मी म्हणाले आणि बाईकडे वळले. "तुझा मुलगा चांगल्या बाजूला होता. मी दुपटी बदलली."

नर्सने मान खाली घातली आणि डॉक्टरांकडे निघून गेली. बाई आत आली. आधी तिने मुलाकडे पाहिलं, तो आता डावीकडे होता, निळ्या उजेडात पाय झाडत. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर राग होता, स्वच्छ राग, आणि मला तो बरा वाटला.

"माह्या पोराले सुया टोचून राहिले होते," ती म्हणाली, "अन् तुमी मले खिचडी वाढून राहिल्या होत्या."

तिने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"पोरगी कुठं हाय?"

"खाली. गाडीत."

"सकाळपासून पेली का?"

मी नाही म्हणून मान हलवली. ती पलीकडे आपल्या खाटेवर जाऊन बसली, भिंतीला पाठ टेकली आणि पदर सारखा केला.

"मंग आना ना तिले वर," ती म्हणाली. "तिचा काय दोष हाय?"