मनवाच्या खांद्यावरचा तारा

लालबागच्या परबांकडे फौजेत कुणीच नव्हतं. वडील गिरणीत, आई शेवंती घरी मसाले कुटून देणारी. त्यांची अनुजा सैन्यात अधिकारी झाली, तेव्हा चाळीने तिला लेझमाच्या तालावर घरी आणलं होतं.

सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या शाखेत, ती लेफ्टनंट कर्नलपर्यंत चढली आणि तिथेच अडली. कामात खोट नव्हती, नियमच तसा होता. तिच्या शाखेत बाईला जास्तीत जास्त चौदा वर्षं, पुढे निरोप. कर्नल व्हायला कायम नेमणूक लागते आणि ती फक्त पुरुषांना. अनुजाने हाताखाली घडवलेले मुलगे पुढे कर्नल झाले. ती दादरला एका कंपनीची सुरक्षा सांभाळू लागली.

चार वर्षांनी, २०२० साली, कोर्टाने बायकांनाही तो मार्ग खुला केला. टीव्हीवर बातमी झळकताच शेवंती उठून बसली.

"तुका परत बोलवतले?"

"नाय गं आये. मी बाहेर पडले ना! पण आतल्या पोरींचं भलं झालं."

त्या रात्री अनुजाच्या मनाला थोडं लागलं, नाही असं नाही. पण सकाळी तिने स्वतःहून मनवाला फोन केला. मनवा तिची ज्युनियर. लेहच्या थंडीत अँटेनाच्या खांबावर चढायला घाबरली, तेव्हा अनुजा आधी स्वतः वर चढली होती.

तीन वर्षांनी मनवाचा फोन आला. "मॅडम, कर्नलच्या बोर्डात निवड झाली! कुलाब्याला कार्यक्रम आहे. एका खांद्यावर ब्रिगेडियर साहेब तारा लावतील. दुसऱ्यावर तुम्ही."

"मी? अगं, तुझे आई-बाबा?"

"त्यांनीच सांगितलंय."

अनुजा आईला घेऊन गेली. सभागृह गच्च भरलं होतं. तिने मनवाच्या दुसऱ्या खांद्यावर तारा लावला. मग एक पाऊल मागे सरून ती ताठ सावधानमध्ये उभी राहिली. "जय हिंद, कर्नल!"

"मॅडम, असं नका ना करू," म्हणत मनवाने तिला गच्च मिठी मारली.

बाहेर पडताना शेवंती डोळे पुसत होती. "ह्यां तुझ्या खांद्यार व्हया होतां, बाय."

"होय गो. पण लावलं कुणी?" अनुजा हसली. "ह्या हातांनी."

टॅक्सीत बसताच शेवंतीने ड्रायव्हरला सगळी हकिगत ऐकवायला घेतली. "ही माझी मुलगी," ती सांगत होती, "हिनं एका पोरीक कर्नल केल्यान!" अनुजाने तिला एकदाही थांबवलं नाही.