सहा खेपा, एक कप चहा

"सोमवार. सहा खेपा. एक हंडा, एक कळशी. टेकडी चढून. आहार : चहा आणि एक बटर."

पीटीच्या बाई माझी वही वाचत होत्या. मोठ्याने. रेडिओवर बातम्या देतात तशा आवाजात. नववीचा अख्खा वर्ग पोट धरून हसत होता.

"मंगळवार. सहा खेपा. आहार : चहा. बटर संपलं होतं."

'बटर संपलं होतं' हे बाईंनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा सूर लावून.

मी उभी होते. त्यांनीच उभं केलं होतं.

"अगं, हा व्यायाम आहे? हे काम आहे. आमच्याकडे बाई येते, रोज लादी पुसते. तिला काय खेळाडू म्हणायचं?"

पहिल्या बाकावरून मेधा म्हणाली, "बाई, हिची आई आमच्याकडेच येते लादीला."

मग नव्याने हसणं. बाईंनी लाल पेन काढलं आणि पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. इतकी दाबून की कागद फाटला.

शाळा घाटकोपर पूर्वेला, बिल्डिंगींच्या मधोमध. आम्ही पश्चिमेला, असल्फ्याच्या टेकडीवर. बाप दुष्काळात जालन्याकडून आला आणि साकीनाक्याला एका कारखान्यात पत्रा कापायला लागला. घर टेकडीच्या वरच्या अंगाला. नळ पायथ्याला. पाणी पहाटे साडेचारला यायचं, सहाला जायचं. आई नंबर धरायची, भरून द्यायची. मी वर न्यायचे. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी. पायऱ्या नव्हत्या. दगड होते, आणि दगडांवर इतरांच्या हंड्यांतून सांडलेलं पाणी.

ही वही बाईंचीच कल्पना. महिनाभर रोज लिहायचं : कोणता व्यायाम केला, आधी काय खाल्लं. खाली पालकांची सही. ज्यांची वही पूर्ण त्यांच्यातून खो-खोचा संघ निवडणार. बारा जणी.

मला त्या संघात जायचं होतं. दुसरं काही नको होतं मला. पळायला लागले की मी कुणाला सापडत नव्हते. पहिल्या डावात. दुसऱ्या डावात पाय जड व्हायचे, डोळ्यांपुढे काळे ठिपके यायचे. बाई शिट्टी तोंडातून काढून शेजारच्या सरांना म्हणायच्या, "चपळ आहे हो. पण या लोकांच्यात दम नसतो."

या लोकांच्यात. मी मैदानावरच होते. मला ऐकू येत होतं.

वही सुरू करायच्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं : 'ज्याने घाम येतो, श्वास वाढतो आणि जे रोज होते तो व्यायाम.' त्याखाली अंगातली ताकद टिकवायचे नियम. उपाशीपोटी व्यायाम करू नये. आधी केळं किंवा दूध घ्यावं. आठ तास झोपावं. आठवड्यातून एक दिवस विश्रांती घ्यावी. भरपूर पाणी प्यावं.

मी सगळं उतरवून घेतलं. माझा विश्वास बसला. आमच्या घरी पुस्तकं नव्हती. दादा पत्रकं आणायचा, विहारात वाटलेली, मोर्च्यात वाटलेली. आई भाकरी थापताना म्हणायची, वाच. मी वाचायचे. लिहिलेलं असतं ते खरं असतं, असं मला वाटायचं. घाम येतो. श्वास वाढतो. रोज होतं. मग सहा खेपा हा व्यायामच. मी तो इमानदारीने लिहिला. चूक झाली ती एवढीच.

तास संपल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं. आवाज मऊ केला. तो मऊ आवाज मला हसण्यापेक्षा जास्त लागला.

"हे बघ, तू पळतेस चांगली. मला तू संघात हवी आहेस. वही फेअर करून आण. सूर्यनमस्कार लिही, दूध लिही. सगळ्या तेच लिहितात. हेडबाईंना दाखवायची असते गं. त्यांना हंडे-कळश्या दाखवू का मी?"

मी मान हलवली. हो म्हटलं. हे मी लपवणार नाही. मी हो म्हटलं.

घरी येऊन नवी वही उघडली. सोमवार. पंचवीस सूर्यनमस्कार. आहार : एक पेला दूध, दोन खजूर. अक्षर छान काढलं. अजून न आलेल्या दिवसांसकट पूर्ण आठवडा लिहून झाला आणि मी वही आईपुढे धरली. आई सही करत नव्हती. अंगठा देत होती.

"आधी वाच," आई म्हणाली.

मी वाचलं. भाकरी उलटता उलटता तिचा हात थांबला.

"दूध कवा पाजलं गं म्या तुला?"

"लिहावं लागतं आई. सगळ्या लिहितात. मेधा पण. रोज पहाटे वीस मिनिटं योगासनं करते ती."

आई हसली. तिचं ते हसणं मी विसरले नाही. त्यात गंमत नव्हती.

"कोन, ती मेधा? म्या आठाला जाते तवा ती पसरलेली असते. तिच्या खाटंखालून फडका फिरवते म्या. पाय बी उचलत न्हाई. आन दूध तिची आई उशाशी ठिवते. निम्मं मोरीत जातं. गिलास कोन घासतं?"

मग तिने हात पदराला पुसला. अंगठा पुढे केला नाही.

"जमिनीच्या कागदावर माझ्या सासऱ्याचा अंगठा असाच घेतला व्हता. वाचून न दाखवता. तू वाचून दाखवलंस. म्हनून सांगते. खोट्यावर म्या अंगठा देत न्हाई. तुला खेळायचं तर दे तूच."

तिने भाकरी तव्यावरून काढली. अंगठा कुणाचाही चालला असता. शाई होती. माझाच उठवला असता तर कोण बघायला येणार होतं?

मी नवी वही फाडली. जुनी उघडली. लाल रेघ मारलेल्या पानाच्या पुढच्या पानावर लिहिलं : 'बुधवार. सहा खेपा. आहार : चहा, रात्रीची अर्धी भाकर.' आईला वाचून दाखवलं. तिने अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी ती वही बाईंच्या हातात दिली. त्यांनी पान बघितलं.

"तुला सांगितलेलं कळलं नाही का?"

"कळलं. ज्याने घाम येतो, श्वास वाढतो, रोज होतं. तुम्हीच लिहिलंत फळ्यावर."

"उलट बोलतेस? मग संघात जागा नाही."

"नको."

एवढंच म्हणाले. नको. तोंडातून गेलं. मेधा राखीव खेळाडू म्हणून गेली. मी त्या वर्षी एकही सामना बघितला नाही. शाळेच्या मागच्या फाटकाने घरी जायचे, म्हणजे मैदान दिसायचं नाही. त्यानंतर मी खो-खो कधीच खेळले नाही. कुणी म्हणेल, बरं झालं, अभिमान राखलास. अभिमानाने खो मिळत नाही. माझे पाय पळायचे होते. ते हंड्याखाली गेले.

आणि एक गोष्ट मला आजही जाळते. बाईंचे नियम खोटे नव्हते. उपाशीपोटी राबू नये, खरं आहे. आठ तास झोपावं, खरं आहे. विश्रांती घ्यावी, खरं आहे. हे सगळं सगळ्यात जास्त माझ्या आईला लागू होतं, आणि तिलाच कुणी सांगितलं नाही. हंड्याला रविवार नसतो. भरपूर पाणी प्या म्हणे. ते पाणी वर कोण चढवतं, हे फळ्यावर लिहायचं राहिलं. दम आमच्यात होता. तो शाळा भरायच्या आधी टेकडीवर खर्च झालेला असायचा.

आता मी साकीनाक्याला पॅकिंगमध्ये आहे. दिवसभर उभ्याने. आईचे गुडघे गेले. नळ तिथेच आहे, पायथ्याला. पाईप वर आणता येत नाही, टेकडी उंच आहे, असं वॉर्ड ऑफिसात सांगतात. टेकडी हंडा वाहणाऱ्या बाईला उंच नाही. पाईपला उंच आहे.

तीच जुनी वही मी काढली आहे. जवळजवळ सगळी कोरीच होती. दोन महिने मी पहाटे नळावर बसून लिहिते आहे. रोज. तारीख टाकून.

'सखूबाई, म्हातारी. तीन खेपा. आहार : काही नाही.'

'फातिमा, आठवा महिना. चार खेपा. आहार : चहा.'

'लता, शाळेत सहावीला. पाच खेपा. शाळेत उशीर, म्हणून वर्गाबाहेर उभी.'

प्रत्येकीला आधी वाचून दाखवते. मग सही. नाहीतर अंगठा.

काल सखूबाईने विचारलं, "सायब हसला तर गं, पोरी?"

हसेल. मला ते हसणं माहीत आहे.

सोमवारी आम्ही वॉर्ड ऑफिसात जातो आहोत. रिकामे हंडे घेऊन. साहेब म्हणेल, वही ठेवून जा, बघतो. वही मी ठेवणार नाही. त्याच्या हातातही देणार नाही. एकदा दिली होती, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात, वाचायला.

या वेळी मी वाचणार. पहिल्या पानापासून. लाल रेघेसकट. पहिला नळ टेकडीवर चढेपर्यंत, दर सोमवारी.