भावोजींनी दिलेला फाउल

ताईसाठी आलेलं स्थळ फुटबॉलच्या पंचाचं आहे असं कळलं तेव्हा मला वाटलं, चला, घरातल्या भांडणांचा निकाल तरी झटपट लागेल. तसं काही झालं नाही. घरातली शिट्टी पहिल्या दिवसापासून ताईकडेच राहिली. बाहेर मात्र भावोजींचा दरारा होता. आठवडाभर पाणीपुरवठा खात्यात बसून मीटरच्या तक्रारी ऐकायच्या आणि सुटीच्या दिवशी काळा शर्ट घालून मैदानात उभं राहायचं, हे त्यांनी तरुणपणापासून केलं. शिव्या खाल्ल्या, एकदा चप्पलही खाल्ली, पण दिलेला निर्णय फिरवला नाही. ‘पंच चुकला तर चालतं, डगमगला तर संपला,’ असं ते म्हणायचे. मला हे वाक्य फार आवडायचं. आता नाही आवडत.

मग एक दिवस त्यांनी मोठ्या सामन्यांचं काम सोडलं आणि शहरातल्या क्लबच्या फाउंडेशनकडे जायला लागले. क्लबचं नाव मोठं, स्टेडियम त्याहून मोठं, आणि फाउंडेशनचं मैदान मात्र स्टेडियमच्या मागे, गाड्या लावायच्या जागेशेजारी. तिथे रविवारी सकाळी अंध खेळाडूंचा फुटबॉल चालतो, आणि भावोजी त्याचे बिनपगारी पंच झाले. चेंडूच्या आत खुळखुळे असतात. कुणाला थोडं दिसतं, कुणाला अजिबात नाही, म्हणून सगळ्यांच्याच डोळ्यांवर पट्टी. चेंडूकडे धावणाऱ्याने मोठ्याने ‘आलो’ म्हणायचं, म्हणजे समोरच्याला कळतं. न म्हणता गेलात तर फाउल. आणि बघणाऱ्यांनी गोल होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. माझ्यासारख्या बडबड्याला ही शिक्षाच होती, पण गुडघा दुखतो म्हणून भावोजींनी स्कूटर चालवणं सोडलं होतं आणि त्यांना मैदानावर पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

लोक भावोजींचं कौतुक करत. ताई तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना थांबवून सांगे, आमच्या ह्यांना या वयात समाजसेवा सुचली. फाउंडेशनने ठरवलं, क्लबच्या पुढच्या सामन्यात मध्यंतराला भावोजींचा भर मैदानात सत्कार करायचा. ताईने त्यांचा कोट धुवायला टाकला आणि आल्यागेल्याला आमंत्रण दिलं.

सत्काराच्या आधीच्या आठवड्यात ते घडलं. त्या संघात एक जण आहे, हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसतो, सगळे त्याला ऑपरेटर म्हणतात. चेंडू कडेच्या फळीवर आपटून परत आला आणि ऑपरेटर त्याच्यामागे वळला. ‘आलो, आलो,’ तो ओरडला. मी ऐकलं. भावोजी त्याच्या वाटेत, पण तोंड दुसरीकडे करून उभे. डोळस माणूस बाजूला होईल, एवढं तर कुणीही धरून चालेल. भावोजी हलले नाहीत. ऑपरेटरचं तोंड त्यांच्या खांद्यावर आदळलं. ओठ फाटला, दाताचा तुकडा पडला.

आणि भावोजींनी शिट्टी वाजवली. “आलो म्हणाला नाहीस. फाउल.”

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. संघातला एक जण म्हणाला, “अहो, तो म्हणाला ना.” ऑपरेटरनेच त्याला गप्प केलं. बाहीने रक्त पुसत म्हणाला, “मला वाटलं मी म्हणालो. पण साहेबांना दिसत होतं. माझीच चूक असणार.” आणि त्याने भावोजींची माफी मागितली.

गाडीत बसल्यावर मी काच वर केली. “भावोजी, तो ओरडला होता.”

त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली. मग म्हणाले, “मला काचबिंदू आहे. समोरचं दिसतं. बाजूचं गेलंय.”

“कधीपासून?”

“मोठे सामने सोडले तेव्हापासून. सोडले म्हणजे काय, माझ्याच्याने होईना.” बाथरूमचं दार लावून ते डोळ्यांत थेंब घालत होते, ताईलाही पत्ता नव्हता. गुडघा ठणठणीत होता.

मला राग आला. “मग इथे कशाला आलात?”

“इथे माझी चूक कुणाला दिसणार होती?” ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

वासरात लंगडी गाय शहाणी, हे आपण हसत म्हणतो. पण गायीने वासरं बघूनच कळप निवडला होता. त्या आठवड्यात त्यांचं जेवणावरचं लक्षच उडालं. धुवून आलेला कोट ताईने दाराला टांगला होता, तर ते त्या खोलीत जाईनात. मला म्हणाले, “सत्कार होऊन जाऊ दे, मग हळूच सोडतो. ताईला तोंड काय दाखवू?” मी म्हणालो, “आणि ऑपरेटरला?” त्यावर ते उठून गॅलरीत गेले.

पुढच्या रविवारी, सत्कार व्हायच्या आधीच, गाडीतून उतरले ते सरळ मैदानाच्या मध्यावर गेले. खेळाडू पट्ट्या बांधत होते. भावोजींनी ऑपरेटरला हाक मारली. त्याच्या ओठाला टाके होते.

“त्या दिवशी तू आलो म्हणाला होतास. मी तुला पाहिलंच नाही. मला बाजूचं दिसत नाही. इथे आलो तेव्हाही दिसत नव्हतं.” आवाज इतका बारीक, की फळीजवळ उभ्या असलेल्या मला जेमतेम ऐकू आलं. बोलून त्यांनी मान खाली घातली आणि तसेच उभे राहिले.

ऑपरेटरने पट्टी कपाळावर सरकवली. “मी घरी आरशासमोर उभ्या माणसासारखा सराव करत होतो साहेब,” तो म्हणाला. “आलो, आलो. आठवडाभर. बायको विचारायची, काय झालं. मी म्हटलं, माझा आवाज फुटत नाही वाटतं.”

भावोजींची मान तशीच खाली. ऑपरेटर वाट बघत राहिला.

“साहेब, आहात का?”

“आहे.”

“काय करताय?”

भावोजींनी खाली घातलेली मान तिथे कुणाला दिसणार होती? शेवटी म्हणाले, “लाज वाटतेय.”

“मोठ्याने सांगा,” ऑपरेटर म्हणाला. “गोलकडे उभे आहेत त्यांना ऐकू आलं नाही. सगळं सांगा, पहिल्यापासून.”

भावोजींनी मान वर केली आणि सगळं पहिल्यापासून, मोठ्याने सांगितलं.