सुरुवातीचा भाग

शरीरातल्या पेशींचं मॉडेल संगणकावर चालवताना आमच्यात एक रीत आहे. आकडे स्थिरावेपर्यंतचा सुरुवातीचा भाग फेकून द्यायचा. पेशी तेव्हा कशाही उड्या मारतात, आणि तो गोंधळ आपण अंदाजानं भरलेल्या आकड्यांचा असतो, शरीराचा नव्हे. बंगळूरला आल्याआल्या मी हे शिकले आणि पुढे विद्यार्थ्यांच्या बाबतीत फारच कडक झाले. "आधी सेटल होऊ दे रे," हे माझं पालुपद.

नागपूरहून बाबांचा फोन यायचा. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. एकही बेडूक न कापता, नुसत्या गणितावर आपली पोरगी जीवशास्त्र करते म्हणजे नेमकं काय करते, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. "येऊ का गं? तुझ्या त्या पेशी पाहून जातो."

"बाबा, जरा बस्तान बसू द्या, मग या."

के. आर. पुरमची खोली अंधारी होती. नोकरी तात्पुरती होती. मग पेपर अडला. मग इंदिरानगरला फ्लॅट घेतला, तर रंगकाम निघालं. कारणांना काय तोटा! ते दर वेळी "बरं बरं" म्हणायचे आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. त्या सुटकेची आज चीड येते.

नोकरीत कायम झाले तेव्हा त्यांना आणायला मलाच जावं लागलं. एकट्यानं प्रवास करणं आता त्यांना जमणार नव्हतं, ते विसरायला लागले होते.

हल्ली ते माझ्याकडेच असतात. मी कामावर असते तेव्हा त्यांच्याजवळ आनेकलच्या एक अक्का थांबतात. परवा सुट्टी होती. मी हौसेनं लॅपटॉप बाबांपुढे ठेवला आणि मॉडेल अगदी पहिल्या क्षणापासून चालवलं, काहीही न वगळता. पडद्यावर पेशी सैरावैरा धावल्या. बाबा खुदकन हसले, बोट लावून एकीचा पाठलाग करू लागले. किती वर्षांनी मी त्यांना असं हसताना पाहत होते! थोड्या वेळानं सगळं स्थिर झालं, तशी त्यांची नजर खिडकीबाहेर गेली.

"माझी मुलगीही असंच काहीतरी करते," ते मला म्हणाले. "बंगळूरला असते."

"जाऊन आलात का तिच्याकडे?"

"नाही हो. तिचं बस्तान बसलं की बोलावणार आहे."