यादीच्या शेवटची सात नावं

घरचे मला 'उतावळी, गुडघ्याला बाशिंग' म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात असतानाच माझं उत्तर तयार असतं.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरं मागे राहून शिकावीत म्हणून गंगाखेडजवळ एक हंगामी वसतिगृह आहे. त्याच्या नावनोंदणीचा सर्व्हर मी जावास्क्रिप्टमध्ये लिहिला होता. मुकादम टोळीतल्या सगळ्या पोरांची यादी मोबाइलवरून एकदम पाठवायचा आणि सर्व्हर 'नोंद झाली' म्हणायचा.

राणीसावरगावहून एका बापाचा फोन आला. "ताई, पोरीचं नाव यादीत दिसंना. मुकादमानं तर..."

"यादी परत पाठवायला सांगा," म्हणून मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी डेटाबेस उपसला, लॉग चाळले. कुठेच एरर नाही. चहा गार व्हायचा, पाय एका जागी ठरत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःच आला.

"परत पाठवली का?" मी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

"आदी समदं ऐकून घ्या की, ताई. माझ्या पोरीच्या वरची समदी नावं आलीत. तिच्यापासून खालचं एकबी न्हाई."

मी कोड उघडला. लांब यादी सर्व्हरकडे तुकड्यातुकड्यानं येते. दर तुकड्याला 'डेटा' इव्हेंट होतो, म्हणजे तुकडा आल्याची वर्दी मिळते, आणि सगळं पोचलं की 'एंड'ची. वर्दी मिळताच चालणारा माझा कोड, कॉलबॅक, पहिला तुकडा हाती पडताच नावं नोंदवून मोकळा होत होता. घरी मी दोनच नावं घालून तपासलं होतं. ती एका तुकड्यात मावली. आता तुकडे जमवून 'एंड'ची वाट बघायची, चार ओळींचं काम होतं, ते केलं.

मुकादमाची यादी या बापाच्या मोबाइलमध्येही होती. ती त्याच्याकडून परत पाठवून घेतली. सात नावं वाढली, त्यात पहिलं त्याच्या पोरीचं.

"झालं! उद्या आणा तिला."

"ती तोडीला गेली की. सकाळच्या गाडीत, आईसंगं. खालची सहा पोरं परवाच्या गाडीतली हायत. त्यांचं तरी व्हावं म्हणून आलो."

मला माझाच राग आला आणि तो मी त्याच्यावर काढला. "मग हे पहिल्याच फोनवर का नाही सांगितलं?"

"सांगायलोच होतो की, ताई."