गारवावाले मामा

कोल्हापुरात राहून हळू बोलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्याकडे शेजारणीला हाक मारली तरी पलीकडच्या गल्लीतली बाई 'ओ' देते. आणि हे मामा रिक्षावाल्याशीसुद्धा असे बोलायचे, की त्यानं गाडी बंद करून विचारावं, "काय म्हंतासा पावणं?" त्यांच्या त्या आवाजाचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं.

मामा मूळचे फ्रीज आणि कूलर दुरुस्त करणारे. दोन हजार सालाच्या आसपास मुंबईतलं कुठलंसं ऑफिस बंद झालं, तिथून त्यांनी चाकांवर ढकलत न्यायचा एसी आणला. कमरेएवढं उंच, मळकट पांढरं यंत्र आणि मागे गरम हवा बाहेर सोडायला हत्तीच्या सोंडेसारखी नळी. तोवर आमच्याकडे एसी म्हणजे बँकेच्या नाहीतर डॉक्टरांच्या भिंतीत बसवलेला. मामांचा एसी टेम्पोत बसून बोलवाल तिथे यायचा.

माझं तेव्हा राजारामपुरीत ब्युटी पार्लर होतं आणि उन्हाळाभर नवऱ्या नटवायचं काम असायचं. मे महिन्यात कार्यालयातली नवरीची खोली म्हणजे भट्टी. एक पंखा, तोही केस उडतात म्हणून बंद. कपाळावर रेखलेली चंद्रकोर मंगलाष्टकांच्या आत नाकावर उतरायची. मामा आले आणि माझी अब्रू वाचली. खोलीत शिरले की आधी खिडकी शोधायचे, नळी बाहेर काढून उरलेली फट पुठ्ठ्यानं आणि जुन्या वाकळेनं बुजवायचे. मग वऱ्हाडातल्या बायकांकडे वळायचे. "नवरी, तिची आई आन् ह्या पार्लरच्या ताई ऱ्हावा. बाकीच्यांनी भाईर थांबायचं. एकेक माणूस म्हंजे एकेक चूल असतंय." आत्याबाई फणकारायच्या, पण जायच्या.

स्वतः मामा दाराबाहेर स्टुलावर पाठ करून बसायचे. नवरीकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. "लाजता काय मामा?" असं मी एकदा चिडवलं. ते म्हणाले, "आपलं काम खोली गार करायचं हाय. तोंड बघून काय करायचं?"

एकदा मी नृसिंहवाडीला गेले होते. दर्शन घेऊन घाट उतरते तर मामा गुडघाभर पाण्यात उभे राहून त्या यंत्राची जाळी धूत होते. "कोल्हापुरात पाणी येत नाही काय?" म्हणून मी हसले. मामा हसले नाहीत, सांगू लागले. उन्हाळ्यात कुणी गेलं आणि मुलगा लांबच्या मुलखातून यायचा असला, तर बर्फाच्या लाद्यांनी भागत नाही. मग त्या घरून मामांना बोलावणं यायचं. "आख्खं मशीन बुडवाय येत न्हाय, म्हणून जाळी," ते म्हणाले. "त्या घरातनं लग्नघरात जायचं तर मधी वाडी करूनच जायचं, असा आपला नेम हाय."

यंत्रात पाणी साचायचं, ते भरलं की यंत्र बंद पडायचं, म्हणून जवळ कुणीतरी बसावंच लागे. घरची माणसं गारठून बाहेर जायची. आत उरायचे मामा आणि गेलेला माणूस. "गारव्यात माणूस गेल्यागत वाटत न्हाय, ताई. झोपल्यागत वाटतंय. मोठ्यानं बोलाय नको वाटतंय," मामा म्हणाले. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. मी हे कुणाला बोलले नाही. बोलले असते तर एकाही लग्नघरानं ते यंत्र दारात उभं केलं नसतं. पण त्यानंतर नवरीच्या खोलीत ते थडथडून थांबलं, की त्या शांततेत आणखी कुणीतरी बसलंय असं मला वाटायचं. मग मी उगीच नवरीशी बडबड करत राहायचे.

पुढे वैशालीचं झालं. तिला मी नटवलं होतं, मामांचं यंत्र होतं, लग्न थाटात झालं. वर्षभरात कावीळ झाली, तिनं ती अंगावर काढली आणि माहेरी येऊन वारली. भाऊ सैन्यात, पार उत्तरेला. तो येईपर्यंत थांबायचं होतं. तिच्या आईनं मला निरोप धाडला, "तूच नटवलीस, आताही तूच ये." सवाष्ण गेली होती. हिरवी साडी, हिरवा चुडा, मळवट, सगळं करायचं होतं.

खोली गार होती. मामा कोपऱ्यात, नेहमीसारखे पाठ करून. मी केस विंचरायला घेतले तेव्हा त्यांनी विचारलं, "कुणाची लेक ही?"

"मामा, ही वैशाली की. गेल्या उन्हाळ्यात आपण दोघं हिच्या लग्नात होतो."

मामा वळले. किती तरी वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवशी मी वाडीला गेलो न्हवतो." सकाळी एका मयताच्या घरातून ते थेट तिच्या कार्यालयात आले होते. मुहूर्त गाठायचा होता, म्हणून जाळी कार्यालयाच्याच नळाखाली धुतली होती.

"कावीळ होती मामा," मी म्हणाले.

"व्हय. कावीळच. पर आली कुणासंगं?"

मी मळवट भरला. माझी बोटं इतकी गार पडली होती, की कपाळ तिचं गार की हात माझा, ते कळेना.

त्यानंतर मामांनी लग्नाचं काम घेतलं नाही. कुणी आलं की म्हणायचे, मशीन बिघडलंय. मयताच्या घरी मात्र जायचे. हळूहळू कार्यालयांनी एसी बसवले, आतून गार राहणाऱ्या काचेच्या शवपेट्या आल्या आणि तेही बोलावणं थांबलं.

माझ्या मुलीच्या लग्नाला मी त्यांना बजावून बोलावलं. ते आले, डोक्याला फेटा बांधून, पण कार्यालयासमोर रस्त्यापलीकडे टेम्पोजवळ उन्हात उभे राहिले. मी आत चला म्हणाले तर म्हणतात, "हितनंच बरं हाय." मला राग आला. मी मुलीलाच शालूसकट रस्त्यावर नेलं. ती पुढे येईल तसे मामा मागे सरत गेले, पाठ टेम्पोला टेकेपर्यंत. ती वाकली आणि वाकूनच राहिली. शेवटी त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा काढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून मामा रोज सकाळी पार्लरच्या दारात. "पोरगी बरी हाय न्हवं?" "बरी आहे मामा." एवढं ऐकून जायचे, चहालाही थांबायचे नाहीत. पावसात छत्री घेऊन यायचे. मला आधी हसू यायचं, मग कंटाळा, आणि नंतर नंतर ते यायच्या आत मीच मुलीला फोन करू लागले. भीती माझ्याही घरात शिरली होती.

पावसाळा संपता संपता एका सकाळी तिला खरंच ताप होता. मामांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थोडा ताप आहे." मामा दाराची चौकट धरून उभे राहिले. मग तसेच माघारी वळले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाहीत. मुलीचा ताप उतरला, तिनं फोनवर वरणभात जेवल्याचं सांगितलं, आणि मी तशीच मामांच्या घरी निघाले. दाराबाहेर चपलांची गर्दी होती. रात्री झोपेतच गेले, असं त्यांच्या बायकोनं सांगितलं. दोन दिवस ते जेवले नव्हते, का ते तिलाही सांगितलं नव्हतं.

त्यांच्यासाठी लांबून कुणी यायचं नव्हतं, त्यामुळे थांबायचं काही कारण नव्हतं. मी बायकांतून वाट काढत पुढे गेले, त्यांच्या कानाशी वाकले आणि सांगितलं, "मामा, पोरगी बरी आहे. ताप उतरला." मग पुन्हा सांगितलं. तिरडी उचलायला आलेली माणसं माझं संपेपर्यंत थांबली होती.